बिनआवाजाच्या कॅसेटी

बदलापूरला स्टेशनच्या पूर्वेला सरांनी शेवटी एसटीडी बूथ टाकला. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसोत. ज्या माणसाची उमेदीची वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवण्यात गेली, ज्याला माणसांच्या आवाजाचाच वैताग होता, त्याने पोटासाठी धंदा कसला करावा, तर लोकांना फोनवर बोलू देण्याचा. मी एकदा तिथे गेले होते. काचेच्या खोक्यात एक माणूस गावाकडच्या भावाशी बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि सर बाहेर स्टुलावर, कानांत कापसाचे बोळे घालून, मीटरचे लाल आकडे बघत बसले होते. मला पाहून त्यांनी बोळे काढले नाहीत. हातांनीच विचारलं, कसं काय? मीही हातांनीच सांगितलं, चाललंय. चहा पाजला नाही. तो त्यांनी कधीच कुणाला पाजला नाही.

ते माझे गुरू वगैरे नव्हते, आधीच सांगते. गुरू म्हणावं इतकी माया त्यांनी कुणावर केली नाही. मी अंबरनाथची. डी.एड. करून वर बहिऱ्यांच्या शिक्षणाचा कोर्स केला तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा हार घालून सत्कार झाला होता. त्या तोऱ्यात मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या मूकबधिर शाळेत पहिल्या दिवशी गेले, ठेवणीतली फुलाफुलांची साडी नेसून. शाळा म्हणजे एक लांबलचक जुनी बराक, मध्ये प्लायवूडचे पडदे टाकून वर्ग केलेले. सर तेव्हा तिथले जुने शिक्षक. नमस्कार नाही, चमत्कार नाही, साडीकडे बघून म्हणाले, "ही उद्या नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा कोण मला साडी सांगणारा? पण मधल्या सुट्टीत त्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि एका मुलीला शेवटच्या बाकावर बसवून मला खुणा करायला लावल्या. मुलगी डोळे बारीक करकरून बघत होती. बोटं त्या फुलांत हरवत होती. सर स्वतः बारा महिने गडद निळा, बिनरेघांचा शर्ट घालत. मीही त्यानंतर गडद, साध्या साड्या नेसू लागले, तर वस्तीतल्या बायकांना वाटलं हिने कसलं तरी व्रत धरलंय. आईने दोनदा विचारलं, मनाविरुद्ध काही झालंय का.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर संध्याकाळ होईल. मागून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. कान शाबूत होते, पण द्यायचे नाहीत. समोर या, उजेडात उभे राहा, मग बोला. मुलांना बोलवायचं तर ट्यूबलाइटची उघडझाप करतात, ही पद्धतच आहे. पण हे गृहस्थ शिक्षकांच्या मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की उठून बटण खालीवर करायचे. आमचे अध्यक्ष बोलायला लागले की हमखास. ऐकू येणाऱ्या सगळ्या जगाला त्यांनी एकच नाव ठेवलं होतं, कानवाले. "कानवाल्यांना बघायची सवय नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात मी आले, अध्यक्ष आले, मुलांचे आईबाप आले. स्वतःला मात्र ते त्यात धरत नसत, ते कुठल्या हिशोबाने ते त्यांनाच ठाऊक.

मुलांनी आम्हा सगळ्यांना खुणेची नावं ठेवली होती. नाकातल्या चमकीच्या जागी बोट टेकवलं की मी. पोटावरून गोल हात फिरवला की अध्यक्ष. अध्यक्षांना वाटायचं मुलं जेवण चांगलं असल्याचं सांगतायत, आणि ते देणगीदारांना कौतुकाने तसं सांगायचेही.

मारकुटे नव्हते, पण तापट होते. एखाद्या पोराने ढिसाळ खूण केली की त्याची बोटं धरून सरळ करायचे, पोर कळवळेपर्यंत. मी एकदा बोलले त्यावरून. तर म्हणाले, तुमचं बाळ बोबडं बोललं तर कौतुक होतं, यांचं बोबडं कुणाला कळणारच नाही. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. पण त्यांच्यापुढे असल्या बारकाव्यांना किंमत नव्हती.

आता मशीनबद्दल सांगायला हवं. एका दानशूर माणसाच्या कृपेने शाळेला ग्रुप हिअरिंग एड मिळालं होतं. टेबलाएवढा लाकडी खोका, त्याला बटणं, एक माइक, आणि वायरींना लटकलेले हेडफोन. मुलांनी ते कानाला लावायचे, शिक्षकाने माइकमध्ये बोलायचं, मुलांनी आरशात बघून, गळ्यावर हात ठेवून तसा आवाज काढायचा. आणि एरवी हाताची घडी घालून बसायचं. खुणा केल्या तर मूल बोलायला आळस करतं, असा तेव्हा सगळीकडे समज होता. ज्या मुलांना थोडंफार ऐकू येतं त्यांना मशीनचा फायदा व्हायचा, मी नाही म्हणत नाही. पण ज्यांच्या कानात काहीच उरलेलं नाही त्यांना मे महिन्याच्या उकाड्यात कानावर घाम, एवढंच मिळायचं.

कुसुम त्यातली. बदलापूरजवळच्या जांभूळ गावची, शेतकऱ्याची पोर. चौदाएक वर्षांची, काळीसावळी, आणि हात असे की बघत राहावं. आमच्याकडे चौथीपर्यंतच मान्यता होती. चौथी झाली की पोरं घरी, मग म्हशी, नाही तर कॅम्पातल्या कारखान्यात जीन्सचे धागे कापणं. सरांनी हट्टाने बराकीच्या टोकाला वरचा वर्ग सुरू केला होता, मान्यता नसताना. कुसुमने सातवीची परीक्षा द्यायची आणि मग इथेच लहान मुलांना शिकवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तिलाही तसं सांगितलं होतं. ती भेटेल त्याला दोन्ही तळहात पुस्तकासारखे उघडून आणि मग छातीवर बोट ठेवून सांगायची, मी शिकवणार.

त्या वर्गात व्हीसीआर होता. फळ्यावर लिहायला वळलं की आपले हात बंद होतात, आणि मुलांना एकाच वेळी फळाही बघता येत नाही आणि हातही. म्हणून सरांनी धडेच कॅसेटवर घ्यायचं काढलं. कॅसेट लावायची, हवी तिथे थांबवायची, बाजूला उभं राहून विचारायचं, नाही कळलं तर मागे न्यायची. आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा आमच्या भागात व्हीसीआर म्हणजे रात्रभर भाड्याने आणलेले सिनेमे. कॅमेरा कॅम्पातल्या सिंधी दयालभाईंचा. ते लग्नाचं शूटिंग करायचे. पितृपक्ष लागला की कॅमेरा आपणहून आणून द्यायचे. "अभी शादी नहीं, साईं, ले जाओ. बस लेन्स पे उंगली मत लगाना." तोंडावर साईं म्हणायचे आणि पाठीमागे मला म्हणायचे, तुमचा मास्तर येडा आहे, पण धंद्याला येडा नाही, कामाला येडा आहे.

सातवीच्या विज्ञानात पाणी शुद्ध करण्याचा धडा होता, आणि जांभूळला नदीचं पाणी शुद्ध करून औद्योगिक वसाहतीला पुरवणारं मोठं केंद्र. सर वर्ग घेऊन तिथे गेले आणि कुसुमला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. नदीतून पाणी कसं ओढतात, हौदात गाळ कसा बसतो, वाळूतून कसं गाळतात, सगळं तिने हातांनी सांगितलं. तुरटीपाशी गाडी अडली. तुरटीला खूणच नव्हती आमच्याकडे. सर म्हणाले, करा तयार. मुलांची आपसात बरीच हातघाई झाली आणि मग कुसुमने गालावरून खालून वर मूठ फिरवली, दाढी झाल्यावर न्हावी तुरटी फिरवतो तशी. सगळ्यांना पटलं. त्या दिवशी मी सरांना हसताना पाहिलं. लहान वर्गाला ती कॅसेट दाखवली तर आठ-नऊ वर्षांची पोरं घरी जाऊन हंड्यात काय घालायचं ते आयांना शिकवू लागली.

त्या कॅसेटींना आवाज नव्हता. सरांनी कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात मोकळी पिन खुपसून ठेवलेली असायची. आधी एकदा अध्यक्षांना कॅसेट दाखवली तर त्यांनी कुसुमकडे ढुंकून न बघता, रिक्षांचा आवाज फार येतोय, अशी सूचना केली होती. तेव्हापासून सर म्हणाले, आवाजच नको. कानवाल्यांसाठी मध्ये मध्ये पुठ्ठ्याच्या पाट्यांवर मजकूर लिहून तो कॅसेटवर घेतला होता. कॅसेटच्या पाठीवर नाव नाही, नुसतं चित्र. एकीवर नळ, एकीवर पान, एकीवर हृदय. दयालभाईंनी बजावलं होतं, कॅसेटच्या कडेचा तो छोटा तुकडा मोडून टाका, म्हणजे तिच्यावर दुसरं काही उतरणार नाही. सरांनी मोडला नाही. अजून अर्धी कॅसेट कोरी आहे, दोन धडे बसतील, म्हणाले. चिक्कूपणा. तो त्यांना भोवला असता तर मला काही वाटलं नसतं.

वरच्या वर्गाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला ठाण्याहून साहेब येणार होते. मान्यता मिळाली तर कुसुम आणि तिच्याबरोबरची मुलं राहणार, नाही तर सगळ्यांनी घरी. सरांनी बेत आखला होता, साहेबांना काही बोलून सांगायचं नाही, फक्त नळाची कॅसेट दाखवायची.

साहेब आले. पालकांनाही बोलावलं होतं. कुसुमची आई डोक्यावरून पदर घेऊन मागे भिंतीशी उभी होती. सरांनी टीव्ही लावला, कॅसेट सरकवली आणि बाजूला झाले. पडद्यावर आमचे अध्यक्ष आले. फेटा बांधलेले, पाटावर बसलेले, आणि सुवासिनी त्यांना ओवाळतायत. मागे सनई. आदल्या रविवारची त्यांची एकसष्टी.

सरांनी कॅसेट बाहेर काढून पाठीवरचं नळाचं चित्र पाहिलं आणि परत आत घातली. परत एकसष्टी. पानाच्या कॅसेटवर पंगत, हृदयाच्या कॅसेटवर भाषणं. आमचा कारकून बिचारा खरं तेच सांगत होता. अध्यक्षांच्या पुतण्याला ऐन वेळी कॅसेटी कमी पडल्या. याने कपाटातल्या लावून पाहिल्या, आवाजच येईना. म्हटलं बिघडलेल्या दिसतात, वर पोरांनी चित्रंही काढलीयत, देऊन टाकल्या. आवाज नाही म्हणजे बिघडली! बहिऱ्यांच्या शाळेत पगार खाणाऱ्या माणसाने हे म्हणावं आणि साहेबांनी मान डोलवावी. मला आजही ते आठवलं की डोकं भणाणतं.

मी सरांजवळ गेले. म्हटलं, कॅसेट मसणात जाऊ द्या. पोरगी समोर उभी आहे, तिलाच सगळं सांगू दे, तुम्ही तोंडाने सांगत जा. एवढं सोपं होतं ते. पण नाही. "मी तिचं तोंड होणार नाही," म्हणाले. "मी बोललो की सगळे माझ्याकडे बघतील. तिच्याकडे कोण बघेल?" हे तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं, आणि तत्त्व म्हणून ते बरोबरही असेल. पण त्या दिवशी त्या तत्त्वाची किंमत ते भरत नव्हते, पोरगी भरत होती. मग म्हटलं, मी सांगते. तर माझ्यापुढे हात आडवा धरला.

एवढ्यात अध्यक्षांनी बाजी सावरली. म्हणाले, साहेब, आता आमचं मशीन बघा. कुसुमलाच पुढे घेतलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवले, स्वतः माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आई." कुसुमने त्यांचे ओठ वाचले, गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आ... ई." तेवढा शब्द मी तिच्याकडून आरशासमोर महिनोन् महिने घटवून घेतला होता. टाळ्या पडल्या. भिंतीशी उभी असलेली तिची आई मटकन खालीच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. पोरीच्या जन्मापासून ती त्या शब्दाची वाट बघत होती. तिला कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

सर वाकले. टेबलाखालून मशीनची वायर ओढली आणि तिचं टोक साहेबांच्या नाकासमोर धरलं. बराकीच्या त्या टोकाला प्लग लावायची जागा एकच. त्यात टीव्हीचा बोर्ड खुपसलेला होता. मशीनची पिन सकाळपासून जमिनीवर पडलेली होती.

"मशीन बंद आहे," सर म्हणाले. "तिने ऐकलेलं नाही. बघितलंय."

क्षणभर मला वाटलं, जिंकलं या माणसाने. साहेब पिनकडे बघत राहिले. मग अध्यक्ष हसले. म्हणाले, बघा साहेब, किती पक्की सवय लागलीय, मशीन बंद असलं तरी बोलते. साहेबही हसले. सगळेच हसले. कारकून हसला. चहा आला, बटाटवडे आले. सर ती पिन हातात धरून तसेच उभे होते आणि त्यांच्याभोवती लोक वडे खात होते.

लहान मुलांसाठी आणखी एक मशीन मंजूर झालं. वरचा वर्ग नामंजूर. कारण असं की, मुलं बोलायला लागली म्हणजे शाळेचं काम पूर्ण झालं, पुढे ठेवून घेण्याची गरज उरत नाही. टीव्ही-व्हीसीआर ऑफिसात नेले. तिथे कारकून क्रिकेट बघायचा, आवाज मोठा करून. सरांना पहिलीच्या वर्गावर टाकलं, आरशासमोर प, फ, ब घोकून घ्यायला. वर्ष संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. पण ते नंतर.

साहेब येऊन गेल्यावर दोन दिवसांनी कुसुमची आई तिला न्यायला आली. सोबत पाटीभर पापडी आणि कोंबडीची अंडी, शाळेला म्हणून. सरांनी मला बराकीच्या दाराशी बोलावलं. त्या माणसाला विनवण्या करताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. ते तिला ताई म्हणत होते. म्हणाले, ताई, मान्यता नसली तरी मी घरी शिकवीन, बदलापूरला माझ्या खोलीवर पाठवा, या बाई बरोबर राहतील. मी होकाराची मान हलवली. परीक्षा बाहेरून देता येईल, म्हणाले. एकच वर्ष द्या.

ती बाई शांतपणे ऐकत होती. सरांच्या उपकारांची जाण तिच्या तोंडावर दिसत होती. म्हणाली, "मास्तर, पोर आई बोलली. माजा सगला पावला. आजून काय पायजे?"

कुसुम दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं असावं. तिने आईच्या खांद्यावर थोपटून तिचं लक्ष वेधलं आणि हात चालवले. परीक्षा कधी? मी घरी जाऊन परत कधी यायचं? लहान मुलांना पाण्याचा धडा कोण शिकवणार, मी ना?

आई कौतुकाने बघत राहिली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. कधीच कळलेलं नव्हतं. तिला खुणा शिकवाव्यात असं कुणाला सुचलंही नव्हतं, आणि कानवाल्यांवर वेळ घालवायचा नाही हा तर सरांचा बाणाच होता.

मग सर बोलले. घसा खाकरून, मोठ्याने, शब्द न् शब्द सांगितला. "ती विचारतेय, परीक्षा कधी? ती विचारतेय, परत कधी यायचं? ती म्हणतेय, लहान मुलांना मी शिकवणार."

आईने सरांकडे पाहिलं. रागाने नाही. देवळात मध्येच कुणी बोललं तर आपण बघतो, तसं.

"तुमी नका बोलू, मास्तर," ती म्हणाली. "आता तिची ती बोलंल."

तिने कुसुमचे दोन्ही हात हळूच आपल्या हातांत घेतले, खाली केले आणि तसेच घट्ट धरून ठेवले. मग चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर नेला आणि ओठ मोठे करून म्हणाली, "बोल, बाय."

कुसुमने हात सोडवायचा प्रयत्न केला. आईने सोडले नाहीत. तिने सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आ... ई."